‘कॅनाबिसचं तेल’ द्यावं का? मुलांच्या फिट्सबद्दल पालकांचे प्रश्न

मुलांच्या अपस्माराबद्दल येणाऱ्या पत्रांत सध्या कॅनाबिसचा विषय हमखास असतो. काही पालक ‘हे औषध का दडवून ठेवलंय?’ असं रागानं विचारतात, काही जण ‘गांजा आणि तो लहान मुलाला?’ म्हणून हादरलेले असतात. माझं उत्तर दोघांनाही सारखंच आहे : आधी मुलाला नेमक्या कोणत्या प्रकारचा अपस्मार आहे ते सांगा. बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

प्रश्न : आमची मुलगी ८ वर्षांची आहे. लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम असं निदान झालंय. दिवसातून कितीतरी वेळा ती उभ्याउभ्या कोसळते, घरातही हेल्मेट घालावं लागतं. तीन औषधं चालू आहेत. मोबाइलवर एका परदेशी मुलीचा व्हिडिओ पाहिला, तिच्या फिट्स कॅनाबिसच्या तेलानं जवळजवळ थांबल्या म्हणे. डॉक्टरांना विचारायचा संकोच वाटतो. यात तथ्य आहे का?

संकोच सोडा आणि विचारा. या औषधाचा ज्या मोजक्या आजारांत नीट अभ्यास झाला आहे, त्यांत तुमच्या मुलीचा आजार येतो.

आधी ‘तेल’ म्हणजे काय ते बघू. कॅनाबिसच्या झाडात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड द्रव्यं असतात. त्यांतली दोन महत्त्वाची. टीएचसी हे नशा आणणारं, आणि कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, हे नशा न आणणारं. अपस्मारावर ज्याचा पुरावा आहे ते सीबीडी. मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या सीबी-१ रिसेप्टरवर, म्हणजे ग्राहीवर, टीएचसी काम करतं, त्या वाटेनं सीबीडी जात नाही. पेशींमधल्या कॅल्शियमची हालचाल आणि मेंदू शांत करणाऱ्या ॲडिनोसिन या द्रव्याचं प्रमाण यांवर त्याचा परिणाम होत असावा असं मानलं जातं. शुद्ध सीबीडीचं एपिडिओलेक्स नावाचं पातळ औषध अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं जून २०१८ मध्ये लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्राव्हे या, लहानपणी सुरू होणाऱ्या आणि औषधांना सहज दाद न देणाऱ्या अपस्माराच्या दोन सिंड्रोमसाठी मंजूर केलं. युरोपात २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. ट्यूबरस स्क्लेरोसिस या, मेंदूत गाठी होणाऱ्या तिसऱ्या आजाराची भर अमेरिकेत २०२० मध्ये पडली.

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुधा कोलोरॅडोच्या शार्लट फिगीचा असेल. तिला ड्राव्हे सिंड्रोम होता. आठवड्याला सुमारे ३०० फिट्स यायच्या, त्या महिन्याला दोन-तीनवर आल्या, असं तिच्या आईनं २०१३ मध्ये टीव्हीवर सांगितलं आणि जगभरचे पालक खडबडून जागे झाले. त्या गोष्टीला मी कमी लेखत नाही, तिच्यामुळे संशोधनाला वेग आला. पण एका मुलीची गोष्ट तुमच्या मुलीला किती लागू पडेल हे त्या गोष्टीवरून कळत नाही. त्यासाठी अर्ध्या मुलांना खरं औषध आणि अर्ध्यांना हुबेहूब तसंच दिसणारं निष्क्रिय द्रव देऊन, कोणाला काय मिळतंय हे पालक आणि डॉक्टर दोघांपासून लपवून मोजणी करावी लागते.

लेनॉक्स-गॅस्टॉच्या २२५ रुग्णांवर असा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कोसळण्याच्या फिट्स मोठ्या डोसवर सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाल्या, त्याच्या निम्म्या डोसवर ३७ टक्क्यांनी आणि निष्क्रिय द्रवावर १७ टक्क्यांनी. हे तीन आकडे एकत्र वाचा. औषध काम करतं, यात शंका नाही. पण फिट्स ‘कमी’ होतात. बंद होणारी मुलं फार थोडी. आणि काहीही न मिळालेल्या गटातही १७ टक्के घट दिसलीच, कारण अपस्मार आपापल्या लयीनं वर-खाली होत असतो.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण व्हिडिओ बघताना नेमकं हेच निसटतं. ड्राव्हेच्या अभ्यासात पालकांना विचारलं, ‘एकंदरीत मूल सुधारलंय का?’ सीबीडी मिळालेल्यांपैकी ६२ टक्के हो म्हणाले. निष्क्रिय द्रव मिळालेल्यांपैकीही ३४ टक्के हो म्हणाले! कोलोरॅडोतल्या एका रुग्णालयानं तेल घेणाऱ्या ७५ मुलांच्या नोंदी तपासल्या, ते तर याहून बोलकं आहे. औषधासाठी दुसऱ्या राज्यातून घरदार हलवून आलेल्या कुटुंबांपैकी ४७ टक्क्यांनी चांगला गुण आल्याचं सांगितलं. आधीपासून तिथंच राहणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं. हे आईवडील खोटं बोलत नव्हते. एवढं पणाला लावल्यावर फरक दिसावा असं कुणाला वाटणार नाही? म्हणून औषध सुरू करण्याच्या निदान चार आठवडे आधीपासून वहीत फिट्स लिहायला लागा : तारीख, प्रकार, किती सेकंद. डॉक्टरांशी बोलताना तुमच्या हातात ती वही असू द्या.

प्रश्न : मुलगा ५ वर्षांचा. दोन मोठ्या फिट्स आल्या होत्या. औषध सुरू केल्यापासून दहा महिने एकही नाही. पण हे केमिकल किती वर्षं द्यायचं? त्याऐवजी नैसर्गिक सीबीडी देता येईल का?

नाही. ज्या औषधावर दहा महिने फिट नाही, ते औषध चालतंय. ते काढून, या प्रकारच्या अपस्मारात ज्याचा पुरेसा अभ्यासच झालेला नाही ते द्यायचं, हा सौदा मला कोणत्याही बाजूनं पटत नाही. झाडातून आलं म्हणून सीबीडी केमिकल नाही असंही नाही. त्याचेही दुष्परिणाम आहेत, ते खाली एका उत्तरात आले आहेत. औषध किती वर्षं, हा तुमचा प्रश्न मात्र योग्य आहे. बऱ्याच मुलांत साधारण दोन वर्षं फिट न आल्यास औषध हळूहळू कमी करून बंद करण्याचा विचार होतो. मुलाचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, आणि फिटचा प्रकार बघून तुमचे डॉक्टर ते ठरवतील. तोपर्यंत एकही डोस चुकवू नका.

प्रश्न : नातवाला दीड वर्षाचा असताना तापात आकडी आली, परवा पुन्हा आली. दोन्ही वेळा मिनिटभरात थांबली. सीबीडीनं पुढची आकडी टळेल का?

आजोबा, तापातली साधी आकडी म्हणजे अपस्मार नव्हे. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ती अनेक मुलांना येते आणि वयाबरोबर थांबते. तिच्यासाठी सीबीडीच काय, रोजचं कुठलंच औषध सहसा लागत नाही. आकडी आली की बाळाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना.

प्रश्न : मुलीला ड्राव्हे सिंड्रोम आहे, वय ४, वजन १६ किलो. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम चालू आहे. डॉक्टर सीबीडी सुरू करू म्हणतात. लिव्हरला त्रास होतो असं वाचलं. झोपाळूपणाचीही भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

तुमच्या दोन्ही भीतींना आधार आहे, आणि दोन्हींवर उपायही आहे.

ड्राव्हेचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २ ते १८ वयाची १२० मुलं होती. सीबीडी गटात महिन्याच्या मोठ्या फिट्सचा मध्यांक (चढत्या क्रमातला मधला आकडा) १२.४ वरून ५.९ वर आला. निष्क्रिय द्रवाच्या गटात १४.९ वरून १४.१, म्हणजे जवळपास तिथंच. पूर्ण फिटमुक्त झालेली मुलं ५ टक्के. आता दुसरी बाजू : सीबीडी घेणाऱ्यांत ३६ टक्के मुलं झोपाळू झाली, ३१ टक्क्यांना जुलाब झाले, २८ टक्क्यांची भूक कमी झाली.

झोपाळूपणामागे बऱ्याचदा खरा कर्ता क्लोबाझाम असतो. क्लोबाझामचं शरीरात जे सक्रिय रूप तयार होतं, ते पुढे मोडणाऱ्या लिव्हरमधल्या एन्झाइमला सीबीडी अडवतं. त्यामुळे गोळी तेवढीच राहते, पण रक्तात ते द्रव्य कित्येक पटींनी साठतं. मूल पेंगायला लागलं, लाळ गळायला लागली, तोल जायला लागला, तर सीबीडी ‘सोसलं नाही’ असं ठरवून मोकळे होऊ नका. क्लोबाझाम कमी केल्यावर अशी कितीतरी मुलं पुन्हा टवटवीत होतात. ते स्वतःहून मात्र कमी करू नका, डॉक्टरांना फोन करा.

लिव्हरचं गणित व्हॅल्प्रोएटशी जोडलेलं आहे. ही दोन औषधं एकत्र असली की लिव्हरची एन्झाइम्स वाढण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. बहुतेक वेळा डोस कमी केला किंवा औषध थांबवलं की ती खाली येतात. म्हणून सुरू करण्याआधी लिव्हरची रक्ततपासणी, मग १, ३ आणि ६ महिन्यांनी पुन्हा. व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या मुलीत डॉक्टर याहून लवकर-लवकरही बघतील. मधेच सतत उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद, असं काही दिसलं तर ठरल्या तारखेची वाट बघत बसू नका.

डोसची साधारण रीत अशी : रोज किलोमागे ५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. आठवड्यानं किलोमागे १०. तेवढ्यानं पुरेसा गुण नाही आणि मुलीला झेपतंय असं दिसलं तर हळूहळू २० पर्यंत. तुमच्या मुलीसाठी सुरुवात रोज ८० मिलिग्रॅमची, म्हणजे ४० सकाळी, ४० रात्री. मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असलेल्या द्रवाचे ते प्रत्येक वेळी ०.४ मिलिलिटर होतात. हे औषधासोबत मिळणाऱ्या सिरिंजनंच मोजा. चहाच्या चमच्याचा अंदाज इथं कामाचा नाही.

एक गोष्ट चिठ्ठीवर लिहायची राहून जाते : स्निग्ध जेवणाबरोबर सीबीडी चार-पाच पटींनी जास्त शोषलं जातं. आज रिकाम्या पोटी, उद्या भरपेट जेवणानंतर, असं केलंत तर डोस कागदावर एकच राहील आणि रक्तात रोज वेगळा असेल. जेवणाआधी की नंतर ते एकदा ठरवा आणि रोज तसंच द्या. या द्रवात तिळाचं तेल असतं. तिळाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

आणि एक, सीबीडीशी संबंध नसलेलं. ड्राव्हेत कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन यांसारख्या औषधांनी फिट्स वाढू शकतात. नव्या किंवा अनोळखी डॉक्टरांकडे जाताना निदानाचा कागद सोबत ठेवा.

प्रश्न : डॉक्टरांच्या औषधाऐवजी ऑनलाइन मिळणारं सीबीडी तेल घेतलं तर? नाव तेच आहे. एका दुकानदारानं ‘हेम्प ऑइल’ही तेच म्हणून सांगितलं.

दुकानदाराचं आधी निकालात काढू. हेम्प सीड ऑइल म्हणजे बियांचं तेल. खाद्यतेल म्हणून चांगलं असेल, पण बियांत सीबीडी जवळजवळ नसतंच. त्यानं फिट कमी होणार नाही.

आता खऱ्या सीबीडी तेलाबद्दल. ऑनलाइन विकली जाणारी ८४ उत्पादनं विकत घेऊन तपासल्याचा अहवाल २०१७ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. लेबलवर लिहिलंय तेवढंच सीबीडी असलेली उत्पादनं सुमारे ३१ टक्के. बाकीच्यांत कुठं कमी, कुठं जास्त. १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. मोठ्या माणसानं झोप येत नाही म्हणून दोन थेंब घेतले तर या गडबडीनं फारसं बिघडणार नाही. अपस्माराच्या मुलाला मात्र एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत जाताना डोस निम्मा झाला, तर त्याच दिवशी फिट येऊ शकते. मग आपण म्हणणार, औषध चालेनासं झालं.

दुसरं, साधं गणित करून बघा. ३० मिलिलिटरच्या बाटलीत एकूण ३०० मिलिग्रॅम सीबीडी, अशी कितीतरी तेलं असतात. २० किलोच्या मुलाला किलोमागे १० मिलिग्रॅम द्यायचं तर रोजचे २०० मिलिग्रॅम हवेत. म्हणजे दिवसाला २० मिलिलिटर तेल. बाटली दीड दिवसात संपली. ‘सकाळ-संध्याकाळ पाच थेंब’ देणारे पालक अभ्यासात वापरलेल्या डोसच्या जवळपासही नसतात. त्यांना फरक दिसत असेल तर मी त्यांची वही मागतो.

कुणी आधीपासूनच असं तेल देत असेल तर डॉक्टरांपासून ते लपवू नका. डॉक्टर रागावतील, रागावू द्या. पण क्लोबाझामची पातळी का चढली किंवा लिव्हरचा रिपोर्ट का बिघडला हे त्यांना कळायला हवं.

प्रश्न : भांग-गांजा तर आपल्याकडे पूर्वापार औषधात आहे. झाडाचा अर्क घरीच काढला तर अख्ख्या झाडाचा गुण मिळेल, असं घरातले मोठे म्हणतात. त्यात चूक काय?

पूर्वापार आहे, हे खरं. डब्ल्यू. बी. ओशॉनेसी या डॉक्टरनं १८३९ मध्ये कलकत्त्यात भांगेच्या अर्कावर निबंध वाचला, त्यात झटके येणाऱ्या जेमतेम ४० दिवसांच्या बाळावर केलेल्या उपचाराची हकिगत आहे. बाळ वाचलं. पण ती हकिगत नीट वाचली तर दिसतं की ओशॉनेसी थेंब वाढवत-कमी करत, बाळापाशी थांबून, जवळजवळ चाचपडत चालला होता. अर्कात काय आहे हे त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. सीबीडीची रचना १९६३ मध्ये आणि टीएचसीची त्यानंतरच्या वर्षी, इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत उलगडली.

घरच्या अर्काची अडचण आजही तीच आहे. नशेसाठी जोपासलेल्या झाडांत टीएचसी भरपूर आणि सीबीडी नावापुरतं असतं. कोणत्या झाडात किती, ते जात, हवामान, तोडणीची वेळ यांवर बदलतं. कच्च्या पाल्यात ही द्रव्यं आम्लरूपात असतात, उष्णता दिली की रूप बदलतं. म्हणजे किती वेळ उकळलं यावरही मुलाच्या पोटात काय जाणार ते ठरतं. जास्त टीएचसी गेलेली लहान मुलं सुस्त पडतात, तोल जातो, कधी श्वास मंदावतो, आणि काहींना चक्क झटके येतात. ज्याच्यासाठी औषध दिलं तेच. वाढत्या मेंदूवर टीएचसीचा दीर्घकाळ काय परिणाम होतो याची काळजी वेगळीच.

‘अख्ख्या झाडाचा गुण’ ही कल्पना मी हसण्यावारी नेत नाही. सीबीडीसोबत थोडं टीएचसी असलेल्या, प्रयोगशाळेत मोजलेल्या अर्कांवर इस्रायलमध्ये आणि इतरत्र काम झालं आहे, आणि काही मुलांना गुण आल्याच्या नोंदी आहेत. पण त्या बहुतेक तुलनागटाशिवायच्या आहेत. निष्क्रिय द्रवावरही ‘मूल सुधारलं’ म्हणणाऱ्या पालकांचा वरचा ३४ टक्क्यांचा आकडा आठवा. आणि ते अर्क मोजलेले होते, तुमच्या पातेल्यातला नसेल. धूर देणं, बिडी-चिलीम जवळ ओढणं, असले सल्ले देणाऱ्यांना तर घरात घेऊ नका.

प्रश्न : सीबीडीची सवय लागेल का? आणि फिट चालू असताना ते दिलं तर चालेल का?

शुद्ध सीबीडीची सवय लागत नाही. अमेरिकेनं एपिडिओलेक्सला आधी सर्वांत सौम्य नियंत्रित गटात ठेवलं होतं, २०२० मध्ये त्यातूनही बाहेर काढलं. इतर देशांत कायदे वेगळे आहेत, त्यामुळे प्रवासात चिठ्ठी आणि मूळ खोका बरोबर ठेवा.

फिट चालू असताना मात्र नाही. ते तोंडावाटे घ्यायचं, सावकाश भिनणारं औषध आहे आणि बेशुद्ध मुलाच्या तोंडात तेल घातलं तर श्वासनलिकेत जाईल. त्या वेळेसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे असतो. तो डॉक्टरांकडून लिहून घ्या, वापरायला शिका, शाळेतही एक ठेवा.

प्रश्न : ट्यूबरस स्क्लेरोसिस असलेल्या ९ वर्षांच्या मुलाला पाच महिने सीबीडी देतोय. डोस पूर्ण वाढवलाय. वहीप्रमाणे फिट्स महिन्याला ४० होत्या, आता ३६ आहेत. भूक गेलीय, वजन दोन किलोनं उतरलंय. सोडवत नाही, कारण हीच शेवटची आशा होती.

वही ठेवलीत, त्यामुळे तुम्हाला सरळ उत्तर देता येतं. पूर्ण डोसवर पाच महिन्यांत ४० वरून ३६, आणि बदल्यात उतरलेलं वजन : हे औषध तुमच्या मुलाला लागू पडलेलं नाही. असं बऱ्याच मुलांत होतं. ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या अभ्यासात फिट्स सरासरीनं निम्म्यानं कमी झाल्या, पण सरासरीत दोन्ही टोकांची मुलं असतात.

एकदम बंद करू नका. कोणतंही फिटचं औषध अचानक थांबवलं की फिट्स उसळू शकतात, कधी न थांबणारी फिट येते. आठवड्या-आठवड्यानं उतरवत न्यायचं, डॉक्टर वेळापत्रक देतील. क्लोबाझाम किंवा या आजारावरचं एव्हरोलिमस चालू असेल तर त्यांचं प्रमाण आधी सीबीडीमुळे रक्तात वाढलेलं असतं. सीबीडी उतरलं की तेही उतरेल. काही वेळा ‘सीबीडी काढलं आणि बिघडलं’ असं वाटतं ते यामुळे. म्हणून त्या औषधांचे डोस त्याच वेळी पुन्हा बघावे लागतात.

शेवटच्या आशेबद्दल. एव्हरोलिमस आधी दिलंय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये पेशींच्या वाढीचा जो मार्ग बेताल होतो, त्याच्यावरच ते काम करतं आणि फिट्ससाठी त्याचा पुरावा आहे. कीटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) हा अवघड पण कसाला लागलेला उपाय आहे, फक्त आहारतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांच्या देखरेखीखाली. व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर, म्हणजे मानेतल्या नसेला विजेचे सौम्य धक्के देणारं, छातीत त्वचेखाली बसवायचं यंत्र, आहे. आणि या आजारात मेंदूत अनेक गाठी दिसत असल्या तरी बहुतेक फिट्स एकाच गाठीतून उठत असतील, तर ती काढता येते. गाठी पुष्कळ आहेत म्हणून शस्त्रक्रिया शक्य नाही, असं तुम्हाला कुणी केवळ एमआरआय बघून सांगितलं असेल, तर ते पुरेसं नाही. अपस्माराच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रात व्हिडिओ-ईईजी (फिटचं चित्रण आणि ईईजी एकाच वेळी) करून घ्या. वही तिथंही न्या, आणि सीबीडी कधी सुरू केलं, कोणत्या डोसपर्यंत नेलं, हे तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.